हलक्या चिठ्ठ्या

सहाशे तोंडं एकदम हसायला उघडली. ती सभागृहाच्या मागच्या दाराला पाठ लावून उभी होती, हातात उरलेल्या बिल्ल्यांची पिशवी. तिथून खरं म्हणजे नुसती डोकी दिसायला हवीत. पण हसताना माणूस शेजाऱ्याकडे वळतो, आपण एकटेच तर हसत नाही ना, हे तपासून घेतो. तशी ती सगळी तोंडं अर्धी अर्धी वळली आणि तिला दात दिसले, हिरड्या दिसल्या, कुणाच्या तरी जिभेवर सकाळच्या सरबताचा नारिंगी थर दिसला. ते सरबत तिनेच पिंपात ढवळलं होतं. व्यासपीठावर समुपदेशक उभे होते, दोन बोटांत एक चिठ्ठी धरून, मेलेली माशी पंखाला धरून उचलावी तशी. आत्ताच त्यांनी ती वाचली होती. "मला कुणासमोर जेवता येत नाही." मग ते थांबले होते. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं. आणि म्हणाले होते, "अरे बाबा, आपली मेस अजून बघितली नाहीस वाटतं! एकदा बघ. मग कुणाच्या पाठीमागेसुद्धा जेवता येणार नाही!" हशा भिंतींना आपटून परत आला. तिच्या तोंडात कडवट पाणी सुटलं. ते गिळावं की दाराबाहेर जाऊन थुंकावं, हे ठरेपर्यंत समुपदेशकांनी पुढची चिठ्ठी उचलली होती. ती चिठ्ठी हलक्या गठ्ठ्यात ठेवणारी तीच. नुसती ठेवली नव्हती, सगळ्यात वर ठेवली होती.

दर वर्षी नवी मुलं आली की विद्यापीठात पहिला आठवडा 'रुजवण सप्ताह' असतो. बिल्ल्यावर रोपट्याचं चित्र आणि खाली 'मी नवा आहे, माझ्याशी बोला'. चिकट बिल्ले. काढले तरी कपड्यावर एक चौकोनी डाग उरतो आणि त्याला आठवडाभर केस, धूळ, काय काय चिकटत राहतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा वाटायचा आणि सांगायचं, तुला इथे कशाची भीती वाटते ते लिही, नाव लिहू नकोस, निळ्या पेटीत टाक. पेटी विद्यार्थी कल्याण विभागात यायची आणि विभागात लेखनिक म्हणून ती बसायची. मग दारं लावून चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे. हलक्या, मधल्या आणि जड. हलक्या म्हणजे 'मला पालीची भीती वाटते', 'रूममेट घोरेल का', 'आईशिवाय वेणी घालता येत नाही'. त्यातल्या दहा-बारा निवडून समुपदेशकांना द्यायच्या, ते व्यासपीठावर वाचतात, मुलं हसतात, मोकळी होतात. मधल्या अहवालात. जड चिठ्ठ्या खाकी पाकिटात, पाकीट समुपदेशकांच्या खणात. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या मागे कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा छापलेला. तो कुणाला दिसत नाही. दिसला तरी छापखान्याचा वाटतो. तो आकडा आणि हजेरीची यादी शेजारी ठेवली की नाव निघतं. "गरज पडली तर, ताई," समुपदेशकांनी पहिल्या वर्षी समजावलं होतं, "उद्या कुणी जिवाचं बरंवाईट केलं तर आपल्याला विचारतील." शेवटच्या दिवशी व्यासपीठावर कागद कातरायचं यंत्र आणतात, सगळ्यांसमोर चिठ्ठ्यांच्या शेवया होतात, टाळ्या पडतात, भीती संपली. त्या यंत्रात जातात ते जुन्या परीक्षांचे उरलेले फॉर्म. खऱ्या चिठ्ठ्या कपाटात असतात. आठ वर्षं तीच ते फॉर्म आणून देत होती. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, "सर, पण आपण तर सांगतो..." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "ताई, महत्त्वाची असते ती भावना." त्यांचा हात नेहमी किंचित ओला असतो. ऑफिसात त्यांना 'मधाचं बोट' म्हणतात. हे नाव शेजारच्या टेबलावरच्या फाइलवालीने ठेवलं. ती म्हणते, "लावलं की गोड लागतं गं, पण नंतर मुंग्या आपल्याला चावतात."

नियम असा की हलक्या चिठ्ठीचा आकडा बघायचा नाही. बघायची गरजच नसते. पालीला घाबरणाऱ्याचं नाव घेऊन काय करायचंय. तिने या चिठ्ठीचा आकडा बघितला होता. दोनशे चौदा. यादी काढून बोट खाली खाली नेत नाव शोधलं होतं, फोटो बघितला होता, वसतिगृहाची खोली बघितली होती, आणि मग, सगळं बघून झाल्यावर, चिठ्ठी हलक्या गठ्ठ्यावर ठेवून वर पेपरवेट ठेवला होता. असं का केलं? हे तिने स्वतःला तेव्हा विचारलं नाही. आता सभागृहात दाराला टेकून ती दोनशे चौदा शोधत होती आणि दोनशे चौदा तिला सापडली. मागून सातव्या रांगेत. राखाडी सदरा, तेल न लावलेले दाट केस, कानात काही नाही. ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. शेजारणीच्या मांडीवर थाप मारून हसत होती. आणि हसता हसता दर क्षणाला हाताच्या उलट्या बाजूने ओठ पुसत होती, काही खाल्लं नव्हतं तरी.

ते पुसणं बघितलं मात्र, आणि तिच्या नाकात फिनाइलचा वास आला. सभागृहात फिनाइल नव्हतं. तो वास तिच्या आतला होता, तीस वर्षांपूर्वीचा, आणि तो यायला कारण लागायचं नाही. ताजा पाव फोडला तरी यायचा. तेव्हा ती सतरा वर्षांची, गावातून पहिल्यांदा बाहेर, असंच वसतिगृह. लांबलचक टेबल, समोरासमोर बाकं. तिसऱ्या दिवशी समोरची एक मोठ्या वर्गातली मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं ए, ही बघा कशी खाते. सशासारखी. पुढच्या दातांनी." बस. इतकंच. पुढे कुणी मारलं नाही, कोंडलं नाही, काही हिसकावलं नाही. दोन-चार जणींनी ओठ वर करून पुढच्या दातांनी चावून दाखवलं, टेबलभर हसू पसरलं, आणि ती मुलगीसुद्धा वाईट नव्हती, दुसऱ्या दिवशी तिने आपला कंगवा दिला होता. पण त्या दिवसापासून तोंडात घास गेला की तिला आपलं तोंड बाहेरून दिसायला लागलं. ओठ हलताना, गाल फुगताना, गिळताना गळ्यातली ती गाठ वर जाऊन खाली येताना. किती घाण काम आहे हे, माणसं चारचौघांत कशी करतात? ती पाव रुमालात बांधून संडासात जायची, नळ सोडायची म्हणजे चावण्याचा आवाज जाणार नाही, आणि उभ्यानं खायची. फिनाइलच्या वासात. एकोणिसाव्या दिवशी तिच्या पत्राला उत्तर म्हणून वडीलच आले. वडील कंपाउंडर, माणसाच्या डोळ्याखालची कातडी ओढून आजार ओळखायचे. त्यांनी तिची कातडी ओढली नाही. एवढंच म्हणाले, "चल." परतीच्या गाडीत एक केळं सोलून हातात दिलं. तिने खिडकीकडे तोंड करून खाल्लं. त्यांनी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून ठेवलं. तिच्या शिक्षणाची गोष्ट तिथे संपली, आणि लोकांना सांगितलं गेलं की तिकडचं पाणी मानवलं नाही.

आणि लग्नानंतर तर तिच्या रोगाला लोक संस्कार म्हणायला लागले. सगळ्यांना वाढते, मागून आपली जेवते. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आमची सून कधी आमच्या आधी घास घेत नाही हो." जाऊ कुढायची, "तुझ्यामुळे आम्हाला बोलणी बसतात, बाई. बस की जरा आमच्याबरोबर." ती हसायची. ओट्याकडे तोंड करून, भिंतीच्या फरशीत आपलं अंधुक प्रतिबिंब दिसू नये म्हणून दिवा मालवून, पाच मिनिटांत जेवण उरकायची. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दिवसभर लोकांची नजर दुरुस्त करतो आणि सत्तावीस वर्षांत त्याच्या एकदाही लक्षात आलं नाही की आपण आपल्या बायकोला जेवताना पाहिलेलं नाही. तो चांगला माणूस आहे. फक्त चावताना त्याच्या जबड्यात कटकट असा एक आवाज होतो, आणि तो आवाज सुरू झाला की ती उठून काहीतरी आणायला आत जाते. मीठ, पाणी, काहीही. तिच्याइतकं मीठ कुठल्याच घरात कुणी आणलं नसेल. ऑफिसात ती डबा घेऊन स्टेशनरीच्या खोलीत जायची. "ताईंचं कागद मोजणं चाललंय," फाइलवाली म्हणायची, आणि ते वाक्य आता इतकं जुनं झालं होतं की त्यात टोमणासुद्धा उरला नव्हता.

म्हणजे तिला माहीत होतं. सहाशे चिठ्ठ्यांमधली ती एकच चिठ्ठी अशी होती की ती किती जड आहे हे साऱ्या विद्यापीठात फक्त तिला माहीत होतं. सभागृहात आता फुग्यांचा खेळ सुरू झाला होता, दोन अनोळखी मुलांनी छातीशी छाती लावून मधे फुगा धरायचा आणि पडू न देता चालायचं, म्हणजे आपलेपणा येतो. फुगे घामाने बुळबुळीत होऊन चिरचिर वाजत होते, आणि ती पिशवी छातीशी धरून विचार करत होती. मग वर का ठेवली? तिने प्रश्नाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. चूक झाली, घाई होती, चष्मा नव्हता. एक फुगा फुटला. दचकली, आणि त्या दचकण्यात उत्तर सरळ समोर आलं. तिला बघायचं होतं. अजून हसतात का, ते बघायचं होतं. तीस वर्षं गेली, जग शहाणं झालं, समुपदेशक आले, पेट्या आल्या, तर आता कदाचित कुणी हसणार नाही. सभागृह गप्प होईल, कुणीतरी म्हणेल, हो, मलाही. आणि मग तिच्याही तीस वर्षांवर कुणीतरी हात फिरवल्यासारखं होईल. तिने स्वतःचं दुखणं त्या मुलीच्या अक्षरात गुंडाळून पाठवलं होतं, चव बघायला दुसऱ्याला पुढे करतात तसं. तिला स्वतःची एवढी शिसारी आली की तिने आपला हात आपल्याच दंडावरून काढून घेतला.

दुपारी ती मेसमध्ये गेली. तिथे तिचं काही काम नव्हतं. ओल्या स्टीलचा, कालच्या भाताचा आणि फडक्याचा वास. दोनशे चौदा भरलेलं ताट घेऊन मधल्या टेबलावर बसली होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. काय बोलणं! वाटीतला बटाटा चमच्याने तीनदा चिरला, भात उजवीकडून डावीकडे नेला, मधेच "अय्या, खरंच?" म्हणून चमचा खाली ठेवला. कुणाला शंकाही येऊ नये. बटाट्याचा एक तुकडा हळूच कागदी रुमालात गेला. तिला ते सगळं इतकं ओळखीचं होतं की आरशासमोर उभं राहिल्यासारखं ती नजर चोरायला लागली. तिकडे समुपदेशक मुलांमध्ये मिसळून जेवत होते. मिसळणं हा कार्यक्रमपत्रिकेतला एक मुद्दा होता. त्यांच्या हनुवटीवर रश्श्याचा एक थेंब लोंबत होता, पडतही नव्हता, पुसलाही जात नव्हता.

"या ताई, बसा ना, घ्या दोन घास!"

"माझं मागून होईल, सर." आणि मग, कुठून आलं कोण जाणे, ती म्हणाली, "सर, सकाळची ती जेवणाची चिठ्ठी. ती हलकी नव्हती. माझ्या हातून चूक झाली."

"चूक? अहो, काय हशा आला! दिवसातला सगळ्यात मोठा. ज्याची असेल त्यालाही मोकळं वाटलं असेल."

"तिला नाही वाटलं."

थेंब थरथरला. "तिला? म्हणजे तुम्ही आकडा बघितलात. अरे वा, छानच! द्या मला. शेवटच्या दिवशी 'धैर्याचे दोन शब्द' आहेतच, तिला व्यासपीठावर घेऊ. सगळ्यांसमोर एक घास खाईल, सहाशे मुलं टाळ्या वाजवतील. फोटो येईल. ताई, आयुष्य बदलतं अशानं माणसाचं."

"चिठ्ठी ऑफिसात टेबलावर आहे," ती म्हणाली. "आणते."

चिठ्ठी तिच्या पिशवीत होती, कार्यक्रमानंतर व्यासपीठावरून गोळा केलेली. ती वळली, दोन पावलं चालली, आणि तिला ऐकू आलं की खुर्ची सरकली, ते मागून येत होते, "चला, मीच येतो, नाहीतर राहून जातं." चालता चालता तिने पिशवीत हात घालून चिठ्ठीचा आकड्याचा कोपरा फाडला. नखाएवढा तुकडा. मुठीत ठेवावा तर मूठ ते उघडायला लावतील असं नाही, पण मूठ आवळलेली दिसेल. खाली टाकावा तर ते वाकतील. वाकून कचरा उचलण्याचाही ते एक कार्यक्रम करतात. तिने तुकडा तोंडात टाकला. भर मेसमध्ये, चारशे माणसांत. कागद टाळूला चिकटला. शाईची, डिंकाची, पिशवीतल्या नाण्यांची चव. जिभेने सोडवून तिने तो गिळला, आणि गळ्यातली गाठ वर जाऊन खाली आली, उघड्यावर, आणि कुणी बघितलंसुद्धा नाही.

"कोपरा फाटलाय की हो," ऑफिसात तिने टेबलावरून उचलल्यासारखी करून दिलेली चिठ्ठी उलटीसुलटी करत समुपदेशक म्हणाले.

"उंदीर फार झालेत, सर."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ते मूर्ख नव्हते, हेच तर त्यांचं वाईट होतं. "ताई," ते म्हणाले, आवाजात सगळा मध आणून, "उद्या काही झालं त्या मुलीला, तर हा उंदीर कोण होता ते मला लिहावं लागेल." आणि ओला हात तिच्या खांद्यावर ठेवून गेले. उरलेला दिवस तो खांदा तिने कशालाच लागू दिला नाही.

पुढचे तीन दिवस ती दोनशे चौदावर डोळा ठेवून होती, आणि डोळा ठेवण्याचीही तिला किळस येत होती. खोल्यांची यादी तिच्याकडे होती, मेसची हजेरी तिच्याकडे होती. मुलगी रोज ताट घेत होती, रोज हसत होती. रोज गालाची हाडं थोडी अजून वर येत होती. एकदा जिन्यात समोरासमोर आल्या तेव्हा तिने तोंड उघडलं, आणि काय बोलणार? मला माहीत आहे? तुझी चिठ्ठी मी वाचली, मी निवडली, मी वर ठेवली? "बिल्ला उलटा लागलाय तुझा," ती म्हणाली. "थँक्यू मॅडम," मुलगी म्हणाली, आणि ओठ पुसले. 'बरंवाईट' हा समुपदेशकांचा शब्द तिच्या डोक्यात खरकट्यावरच्या माशीसारखा फिरत होता. घरी नवऱ्याचा जबडा कटकट वाजत होता. तो म्हणाला, "काय गं, आज मीठ आणायला नाही गेलीस?" तेव्हा तिला कळलं की त्याला इतकी वर्षं निदान तेवढं तरी ऐकू येत होतं. ती उठून मीठ घेऊन आली.

शेवटच्या दिवशी एक वाजता ऑफिसची खिडकी बंद झाली. फाइलवाली मेसला गेली, सभागृहात कागद कातरायचं यंत्र लावलं जात होतं. ती डबा घेऊन स्टेशनरीच्या खोलीत शिरतच होती तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. दोनशे चौदा. हातात एक कागद.

"मॅडम, सॉरी हं, सुट्टी आहे ना तुमची? मुद्दाम आत्ता आले. गर्दी नसते." हसली. "प्रवेश रद्द करायचा अर्ज आहे. तुमच्या विभागाची सही लागते म्हणाले."

तिने दार उघडून तिला स्टेशनरीच्या खोलीत घेतलं. अर्ज नीट भरलेला होता, तेच टपोरं अक्षर. कारण या रकान्यात लिहिलं होतं, हवापाणी मानवत नाही.

"घरी कळवलंस?"

"बाबांना सांगितलंय. संध्याकाळी येतायत."

"काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, येतो."

तिच्या पोटात ते जुनं केळं हललं. बाहेर सभागृहातून ध्वनिक्षेपकाचा आवाज आला, हॅलो, हॅलो, एक दोन तीन. सही करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. "हवापाणी नाही," ती म्हणाली. "चिठ्ठी."

मुलीचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्याच्या मागून माणूस निघून गेला. "कुठली चिठ्ठी?"

"ज्यावर सगळे हसले ती."

"ती माझी नव्हती."

"मागे आकडा असतो. बारीक. यादीशी जुळवला की नाव कळतं. प्रत्येक चिठ्ठीवर असतो, दर वर्षी." शब्द एकेक करून बाहेर पडत होते, घशात बोट घातल्यावर पडावं तसं, आणि आता थांबवणं तिच्या हातात नव्हतं. "आणि आत्ता तिकडे यंत्रात घालतायत ते जुने फॉर्म आहेत. चिठ्ठ्या कपाटात आहेत. तुझी मीच काढून दिली वाचायला. आकडा बघून दिली. माहीत असून दिली."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. हात ओठांकडे निघाला होता तो अर्ध्यात थांबला. "शी," ती म्हणाली. अगदी हळू, मनापासून. "किती घाण आहात तुम्ही लोक."

"हो."

"का दिलीत?"

"हसतात का ते बघायला."

"मग? बघितलंत?"

"तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस."

"मग काय रडू?" तिचा आवाज चिरकला. "सगळे बघत होते कोण हसत नाहीये ते!" मग एकदम बळ गेल्यासारखी ती कागदांच्या गठ्ठ्यावर बसली. चेहरा मातीसारखा झाला होता.

"कधी खाल्लंस शेवटचं?"

मुलगी नखाने गठ्ठ्याची कड खरवडत राहिली.

"संडासात? नळ सोडून?"

मुलीने झटकन वर बघितलं. आता तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली, चिठ्ठीत लिहिली होती तिच्या कितीतरी पट. "हे पण कुठे छापलेलं असतं?"

"नाही. हे मी केलंय." ती म्हणाली. "एकोणिसाव्या दिवसापर्यंत. मग वडील आले. त्यानंतर घरातल्या संडासात जायची गरज पडली नाही, घरात ओटा होता. अजूनही मला पावाला फिनाइलचा वास येतो."

ध्वनिक्षेपकावर मधाचं बोट म्हणत होतं, मित्रांनो, आज आपण आपली भीती नष्ट करणार आहोत. यंत्र घुरघुरलं. तिने डबा उघडला. दोन उकडलेली अंडी, पावाचे चार तुकडे, मीठ कागदाच्या पुडीत. अंड्याचा तो दमट, कोंडलेला वास खोलीभर झाला आणि दोघींनीही एकाच वेळी नाक आकसलं. डब्याच्या झाकणात तिने एक अंडं आणि दोन तुकडे ठेवले, झाकण मुलीच्या बाजूला सरकवलं. मग खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. बसली. पाठ मुलीकडे. समोर फक्त वह्यांचं कपाट आणि भिंतीचा पोपडा.

"मी बघणार नाही," ती म्हणाली. "तूही तिकडे वळ."

पावाचा तुकडा तिने बोटांत धरून ठेवला. मग कागदांचा गठ्ठा सरकल्याचा आवाज आला. मुलगी वळली असावी. तिच्या पाठीची किंचित ऊब खुर्चीच्या जाळीतून येत होती. तिने पहिला घास घेतला. दुसऱ्या माणसाच्या इतक्या जवळ बसून घेतलेला घास तोंडात मोठा मोठा होत गेला, कापसासारखा. मागे अंड्याचं टरफल तडकलं. मग चावण्याचा आवाज. ओला, लपलप करणारा, उपाशी माणसाचा आवाज, मधे नाकाने ओढलेला श्वास, पुन्हा लपलप. तिच्या मानेवर काटा आला. किती घाण आवाज. उठावं, मीठ आणावं, पाणी आणावं, काहीतरी आणायला जावं. मीठ तिच्याच हातात होतं. पुडी मागे न बघता तिने खांद्यावरून धरली, त्या खांद्यावरून. ती घेतली गेली.

"अय्या," मागून आवाज आला.

"काय झालं?"

"अर्जावर सांडलं. पिवळं. मांडीवर ठेवला होता मी, ताटासारखा."

"पुसू नकोस, पसरेल," ती भिंतीला म्हणाली. "डागाचा अर्ज घेत नाहीत. नवा भरावा लागेल."

"मग द्या ना नवा."

समोर कपाटात, हाताच्या अंतरावर, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता. वरच्याच कप्प्यात. तिने त्याकडे बघितलं.

"संपलेत," ती म्हणाली. "उद्या येतील."

"उद्या किती वाजता?"

"एक वाजता. जेवणाच्या सुट्टीत."

"बाबा आज येतायत."

"त्यांना म्हणावं, मुक्काम करा. नाहीतर सांग, उद्या या."

सभागृहात टाळ्या पडल्या. भीती संपली होती. पावाची कडक कड दाताखाली कुरकुरल्याचा आवाज आला, मग गिळल्याचा. मग मुलगी म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "मॅडम, राग नका मानू. तुम्ही खाताना फार आवाज करता."

तिचे कान तापले. ते लांबलचक टेबल, वर उचललेले ओठ, पुढचे दात, सगळं एका झपाट्यात आलं आणि तिला आपलं तोंड पुन्हा बाहेरून दिसलं, मधे घास तसाच, अर्धा चावलेला. तिने वाट बघितली. कुणी हसलं नाही. मागे फक्त बोट चाटल्याचा आवाज आला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि चावायला लागली.